गाडी कुणाची?

“बॉल पुढे मारायचा, पुढे! बघावं तेव्हा मागे पास. रिव्हर्स गिअर टाकून गाडी कधी मुक्कामाला पोचते का?”

दाजी बसखाली आडवे होते. बाहेर फक्त त्यांचे बूट दिसत होते, आणि तेही तावातावाने हलत होते. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या डेपोच्या वर्कशॉपमध्ये हातांपेक्षा तोंडं जास्त चालत. मी ड्रायव्हर. माझीच गाडी दुरुस्तीला होती, त्यामुळे मी तिथे हक्काने बसलो होतो. टायरचं काम बघणारे आबा एका जुन्या टायरवर बसून चहा फुंकत होते.

“तुम्हाला खेळ कळेनासा झालाय,” आबा म्हणाले. “आता मागे पास दिला की हुशारी म्हणतात. आणि गोल झाला तरी लगेच नाचायचं नाही. आधी ते व्हिडिओ बघणार, मग सांगणार, हं, आता नाचा.”

“म्हणजे मला आनंद झाला तर त्यालाही परवानगी?” बसखालून आवाज आला.

“सगळ्यालाच लागते आता,” कंडक्टरबाई म्हणाल्या. त्या ड्युटी संपवून बाटलीत पाणी भरत होत्या. “आपण मोर्चाला मागितली होती की. मिळाली का?”

“मोर्चाचं सोडा. टीममध्ये आपलं कोण राहिलंय ते सांगा,” आबा म्हणाले. “सगळे बाहेरचे. वर्कशॉपमध्येही तेच. कंत्राटावर बाहेरची पोरं आणून बसवलीत.”

दाजी घसरत बाहेर आले. कपाळावर ग्रीस, हातात पाना. “आबा, तो बाहेरचा पोरगा गोल मारतो तेव्हा तुम्ही त्याला आपला म्हणता आणि चुकला की बाहेरचा म्हणता. कंत्राटी पोरांचंही तेच. त्यांना आणणाऱ्याला बोला ना! त्याच्यापुढे तोंड उघडत नाही आपलं.”

आबांनी चहा संपवला आणि विषयही संपवला. दाजींशी आवाजात कुणी जिंकत नसे. अख्खा डेपो त्यांना भोंगा म्हणायचा. मी त्यांचा मेहुणा, म्हणून मी दाजी म्हणायचो, एवढाच काय तो फरक.

हा क्लब आमच्याच डेपोतल्या ड्रायव्हर-कंडक्टरांनी काढलेला. सुट्टीच्या दिवशी खाकी पँट दुमडून खेळायचे म्हणे. आमच्या वेळेपर्यंत टीम मोठी झाली, मैदानाला स्टँड आले, पण पूर्वेचा स्टँड डेपोचाच राहिला. त्या स्टँडची रीत अशी, की पहिली हाक दाजींनी द्यायची. त्यांच्याआधी कुणी तोंड उघडायचं नाही. ते अगदी खाली, जाळीला लागून उभे राहत, तोंड मैदानाकडे आणि पाठ आमच्याकडे. “लोकांकडे काय बघायचं? लोक आहेतच. हाक खेळाडूंना ऐकू गेली पाहिजे,” असं त्यांचं म्हणणं. मग ते छाती भरून ओरडत, “गाडी कुणाची?” आणि आम्ही सगळे मागून, “डेपोची!” दाजींनी दोन्ही हात वर केले की आवाज आणखी चढवायचा. हजारो माणसांनी त्या माणसाची फक्त पाठ बघितली होती, आणि ती त्यांना तोंडापेक्षा जास्त ओळखीची होती.

मग क्लब कंपनीने घेतला. आम्हाला आनंदच झाला, खोटं कशाला सांगू? नव्या खुर्च्या आल्या, मोठा पडदा आला. नंतर त्याच कंपनीने शहरातले बसमार्ग चालवायला घेतले. तेव्हाही आम्ही म्हटलं, बघू. शेवटी बातमी आली की डेपोची जागाही कंपनीलाच मिळणार. मैदानाला पार्किंग हवं होतं. आमच्यातले निम्मे घरी जाणार आणि उरलेले कंत्राटावर जाणार, असं ठरलं होतं. ठरवताना आम्हाला कुणी विचारलं नाही. त्यांनी का विचारावं? आम्ही दर सामन्याला त्यांच्याच नावाचा शर्ट घालून नाचत होतो!

या सगळ्याच्या आदल्या हंगामातली एक गोष्ट इथेच सांगायला हवी. क्लबच्या ऑफिसातून एक मुलगी आली होती. गळ्यात हेडफोन, बोलायला लाघवी. “काका, क्लबचं संग्रहालय होतंय. तुमचा आवाज जपून ठेवायचाय.” दाजी हुरळून गेले. इस्त्रीचा शर्ट घातला, सकाळपासून गरम पाण्याच्या गुळण्या केल्या. रिकाम्या स्टँडमध्ये एकट्याने उभं राहून ते ओरडले, ती मुलगी मशीन धरून होती आणि मी मागे हसत होतो. उत्तर द्यायला कुणी नसल्यामुळे ती हाक फार विचित्र वाटली. घरी आल्यावर त्यांनी ताईला सगळं दोनदा सांगितलं. ताई भाजी निवडत होती. म्हणाली, “मला कधी एवढ्या प्रेमाने हाक मारल्याचं आठवत नाही. बरं झालं, आता संग्रहालयात जाऊन ऐकेन.”

डेपोची बातमी पक्की झाली तेव्हा कॅन्टीनमध्ये सभा भरली. युनियनचे सेक्रेटरी घसा बसेपर्यंत बोलले. संप करायचा तर कंत्राटी ड्रायव्हर गाड्या काढायला तयारच होते. मोर्चाला परवानगी नाही. निवेदन दिलं होतं, त्याचं काय झालं हे देवालाच ठाऊक. मग दाजी उठले. सभेत ते कधी बोलत नसत.

“पुढच्या सामन्याला मंत्री येणार आहेत,” ते म्हणाले. “मध्यंतराला मैदानात उभे राहून जागेचं जाहीर करणार. सामना टीव्हीवर सगळीकडे दिसणार. कंपनी जाहिरातीत काय दाखवते? खेळ नाही दाखवत, आपला स्टँड दाखवते. आपला आवाज विकते. तर तो द्यायचाच नाही. मध्यंतरापर्यंत एक अक्षर नाही. टीव्हीवर सगळ्यांना कळू दे की इथे काहीतरी मेलंय.”

“एवढी माणसं गप्प बसतील?” सेक्रेटरींनी विचारलं. “एकाने जरी सुरू केलं तर वाट लागेल.”

“मी हाक दिल्याशिवाय आपला स्टँड तोंड उघडत नाही. आजवर उघडलंय? मी गप्प, तर सगळे गप्प. शब्द देतो.”

टाळ्या पडल्या. दाजींचे कान लाल झाले होते. मला त्यांचा अभिमान वाटला आणि जरा भीतीही वाटली, कारण ज्याने शब्द दिला त्याच्याच नावावर सगळं जमा होतं, यश असो की फजिती.

सामना दुपारचा होता. पूर्वेचा स्टँड गच्च भरला होता. दाजी खाली जाळीपाशी, नेहमीच्या जागी. मी त्यांच्या शेजारी. शिट्टी वाजली आणि कुणीच काही बोललं नाही.

असा खेळ मी जन्मात ऐकला नव्हता. बॉलला लाथ बसल्याचा आवाज येत होता. गोलकीपर बचावातल्या गड्याला शिव्या घालत होता, त्या स्पष्ट ऐकू येत होत्या. कडेने पळणारा खेळाडू सारखा आमच्याकडे बघत होता, काय झालं यांना म्हणून. बाकीचे स्टँड थोडा वेळ ओरडले आणि मग तेही बावचळून थंड झाले. समोर खास पाहुण्यांच्या कक्षात लोक एकमेकांच्या कानाला लागले. कंडक्टरबाई माझ्या मागच्या रांगेत पदर तोंडावर धरून रडत होत्या. दाजींनी जाळी दोन्ही हातांनी घट्ट पकडली होती. ओरडायची सवय आत दाबून धरायला त्यांना किती जोर लागत होता, ते त्यांच्या मानेच्या शिरांवरून दिसत होतं.

“जमतंय,” ते ओठ न हलवता म्हणाले. “अरे, जमतंय.”

आणि मैदानभरच्या लाऊडस्पीकरमधून दाजींचा आवाज आला, “गाडी कुणाची?”

मी शेजारी होतो. दाजींचं तोंड बंद होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पण मागच्या हजारोंना काय दिसत होतं? नेहमीची पाठ. आवाज नेहमीचा, तोच चढ, तोच शेवटचा हेल. त्यांनी विचार केला नाही. असल्या हाकेला विचार करून कोण उत्तर देतं? सगळा स्टँड एका दमात गरजला, “डेपोची!”

दाजी गर्रकन मागे वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्टँडकडे तोंड केलं. “मी नाही!” ते ओरडत होते, “गप्प बसा! मी नाही दिली हाक!” पण त्या गदारोळात मलाच ते नीट ऐकू आलं नाही, वरच्या रांगांना काय येणार? म्हणून त्यांनी थांबवायला दोन्ही हात वर केले.

हात वर केल्याचा अर्थ आमच्याकडे एकच होता. आवाज दुप्पट झाला. स्पीकरने पुन्हा हाक दिली, लोकांनी पुन्हा उत्तर दिलं, आणि तेवढ्यात त्या बाहेरच्या पोराने गोल मारला. मग काय विचारता. मोठ्या पडद्यावर दाजी दिसले, दोन्ही हात वर, तोंड उघडं, डोळ्यांत पाणी. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस आनंदाने वेडा झालाय. मंत्री उभे राहून टाळ्या वाजवत होते. मध्यंतरात त्यांनी जागेची घोषणा केली ती त्याच जल्लोषात, आणि कुणी हूं की चूं केलं नाही. लोकांना घोषणा ऐकूच आली नसावी, असं मी अजून स्वतःला सांगतो.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये खेळावर कुणी बोललं नाही. दाजी कामावर आले तेव्हा सेक्रेटरी दारातच उभे होते.

“ते रेकॉर्डिंग होतं,” दाजी म्हणाले. “संग्रहालयासाठी घेतलं होतं माझ्याकडून.”

“संग्रहालय कुठे आहे?”

संग्रहालय कुठेच नव्हतं.

“आणि हात? ते पण रेकॉर्डिंगमध्ये होते का?” सेक्रेटरी म्हणाले. “अहो, सगळ्या जगाने बघितलं तुम्हाला.”

“मी थांबवत होतो तुम्हाला.”

मी पुढे झालो. “मी शेजारी होतो, साहेब. यांनी तोंड उघडलं नाही.”

“तू मेहुणाच ना त्यांचा?” आबा टायरवरून उठत म्हणाले. गेली कितीतरी वर्षं दाजींच्या डब्यातलं खाणारा माणूस, त्याने हे म्हणावं! माझा हात उठणार होता. दाजींनीच मला मागे ओढलं.

त्याच दिवशी आम्ही दोघं क्लबच्या ऑफिसात गेलो. ती लाघवी मुलगी भेटली. वाईट नव्हती ती, उलट आम्हाला बघून उठून उभी राहिली. “काका, अहो, सगळ्यांना किती आवडलं! टीव्हीवाल्यांचे फोन आले.”

“ते बंद करा,” दाजी म्हणाले. “माझा आवाज आहे तो.”

“होता ना, काका. आता क्लबचा आहे.” तिने हे इतक्या प्रेमाने सांगितलं की दाजी चक्क तिला “बरं” म्हणाले आणि खुर्ची नीट आत सरकवून बाहेर पडले. मला मात्र त्या खुर्चीला लाथ घालावीशी वाटली होती.

डेपो गेला. मला कंत्राटावर घेतलं, कंपनीचा निळा शर्ट मिळाला. दाजींना घेतलं नाही. घेतलं असतं तरी ते गेले नसते, असं ताई म्हणते. दाजी म्हणतात, गेलो असतो. आबांशी त्यांचं बोलणं कायमचं बंद झालं. सेक्रेटरी एकदा बाजारात समोर आले तेव्हा दुसऱ्या बाजूने निघून गेले. दाजी आता घराजवळच्या एका गॅरेजमध्ये गाड्या धुतात. मेकॅनिकचं काम तिथे तरुण पोरं करतात.

परवा ताईकडे जेवायला गेलो होतो. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि मैदान तिथून फार लांब नाही. सामना चालू होता. दर थोड्या वेळाने खिडकीतून दाजींची हाक आत येई आणि मागोमाग लोकांचा गजर. पानावर बसलेले दाजी तेव्हा खाली बघून जेवत. ताई उठून खिडकी लावायला लागली.

“राहू दे,” ते म्हणाले. “उकडतंय.”

जेवण झाल्यावर मी निघालो. जिने उतरलो, रस्ता ओलांडला, स्कूटर काढली, तेव्हा मागून कुणीतरी हलकेच खांद्याला हात लावला. दाजी होते. धापा टाकत होते. त्यांचा गुडघा दुखतो, जिना उतरायचा तर ते एकेका पायरीवर थांबतात. त्यांच्या हातात माझा चष्मा होता, मी तो वरच विसरलो होतो.

“अहो दाजी, गॅलरीतून हाक मारायची की! कशाला उतरलात?”

त्यांनी चष्मा माझ्या खिशात ठेवला.

“मारली असती,” ते म्हणाले. “पण तुला वाटलं असतं, मैदानावरून आली.”

मग ते रस्ता ओलांडून परत गेले आणि कठड्याला धरून जिना चढायला लागले. मी खालून त्यांची पाठ बघत उभा राहिलो.