हलकी स्प्रिंग

आपल्या घरातलं वडीलधारं माणूस खुर्चीतून उठायला लागलं की आपण काय म्हणतो, जरा आठवून पाहा. "बसा, बसा! काय हवंय? मी देते." या घरातही सारखं हेच चालायचं. सासूबाईंनी सोफ्याच्या कडेला हात टेकला रे टेकला, की सून स्वयंपाकघरातून धावत यायची आणि मुलगा लॅपटॉप बाजूला ठेवून उभा राहायचा. पाणी हातात, चष्मा हातात, चपला पायाशी. कुणाची दृष्ट लागावी असं प्रेम होतं ते, आणि अगदी मनापासूनचं होतं.

त्याला कारणही तसंच होतं. मागच्या वर्षी सासूबाई बाथरूममध्ये घसरून पडल्या. मनगटाचं हाड मोडलं आणि जुळलंही. डॉक्टरांनी सांगितलं, आता हिंडाफिरा, पूर्वीसारखी कामं करा. पण घरच्यांच्या कानात 'पडल्या' एवढंच राहिलं. ज्या बाईने उभी हयात ग्रंथालयात काढली, शिडीवर चढून वरच्या फळीवरची पुस्तकं लोकांना काढून दिली, ती आता कुणी हात दिल्याशिवाय सोफ्यातून उठेनाशी झाली. पाय दुखत वगैरे काही नव्हते. त्यांची कामाची सवय तेवढी मोडत चालली होती.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. एका दुपारी त्या घरात एकट्या असताना दाराची बेल वाजली आणि पाठोपाठ जुन्या मैत्रिणीची हाक आली. दोघींनी ग्रंथालयात वर्षानुवर्षं एकाच टेबलावर काम केलेलं. सासूबाईंनी उठायचा प्रयत्न केला, पुन्हा केला, पण जमेना. मला उठता येत नाही, असं दाराआडून ओरडून सांगणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मैत्रीण थोडा वेळ थांबली आणि जिना उतरून निघून गेली. संध्याकाळी फोनवर सासूबाई तिला म्हणाल्या, "अगं, डोळा लागला होता."

सून विमा कंपनीच्या कचेरीत कामाला. खुर्चीत बसून बसून पाठ धरली, म्हणून ती पिलाटेस नावाच्या व्यायामाच्या स्टुडिओत जायला लागली आणि तिथेच रमली. आता नोकरी सांभाळून ती तिथली प्रशिक्षक व्हायला निघाली होती. चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तो स्टुडिओ. तिथलं मुख्य यंत्र म्हणजे रिफॉर्मर. लांबट पलंगासारखी चौकट, तिच्यात रुळांवर पुढेमागे सरकणारी गादी. तिला सगळे 'गाडी' म्हणत. गाडीला खालून स्प्रिंगा लावायच्या, लाल जड आणि निळ्या हलक्या. गाडीवर उताणं झोपायचं, समोरच्या दांडीवर पाय ठेवून रेटायचं, गाडी लांब न्यायची आणि सावकाश परत आणायची.

तिथल्या मॅडम पूर्वी तलावावर मुलांना पोहायला शिकवायच्या. आवाज अजूनही पाण्यापलीकडे पोचेल असा खणखणीत. सुनेबद्दल त्यांची एकच तक्रार होती: तुम्हाला सगळं येतं, पण हात गप्प बसत नाहीत. शिकणाऱ्याचा पाय जरा थरथरला, की हिचा हात तिथे हजर. शेवटच्या परीक्षेसाठी मॅडमनी सांगितलं, आता एकमेकींवर सराव पुरे, घरातलं एखादं वयस्कर माणूस आणा आणि त्यांना शिकवून दाखवा. सुनेच्या डोळ्यांसमोर लगेच सासूबाई आल्या.

मुलाने तर डोक्यालाच हात लावला. आईला स्प्रिंगांवर चढवणार, वेड लागलंय का, वगैरे बरंच बोलून झालं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, अवश्य न्या, मी केव्हापासून सांगतोय. राहता राहिल्या सासूबाई. त्या म्हणाल्या, "बसून बसून सोफ्याला माझा आकार आलाय. चल, कुठे यायचंय?"

पहिल्याच दिवशी सुनेने लाल स्प्रिंगा सगळ्या काढून टाकल्या आणि एकच निळी ठेवली. म्हातारं माणूस, हलकंच बरं, असा साधा हिशेब. सासूबाईंनी दांडीवर पाय ठेवून जरा रेटलं मात्र, गाडी सुळकन लांब पळाली. परत येताना तिला आवरायला काही जोरच मिळेना. सासूबाई दचकून म्हणाल्या, "अगं, धर, धर!"

सुनेने दोन्ही हातांनी गाडी धरली ती धरलीच. पुढे सगळा वेळ तीच गाडी ओढत होती, तीच ढकलत होती आणि वर "छान जमतंय हं, आई!" म्हणून कौतुकही करत होती. मॅडम भिंतीला टेकून बघत होत्या. सगळं आटोपल्यावर जवळ आल्या आणि त्यांनी एवढंच विचारलं, "घाम कुणाला आलाय?"

सून निथळत होती. सासूबाईंच्या गालावरची पावडरसुद्धा हलली नव्हती.

सून चाचरत म्हणाली, "मॅडम, त्यांना जड जाऊ नये म्हणून मी हलकी स्प्रिंग लावली."

"तिथेच चुकलात. स्प्रिंग हलकी म्हणजे सोपी, असं तुम्हाला कुणी सांगितलं? पायांनी रेटल्यावर समोरून काहीतरी रेटून परत यायला हवं. तोच माणसाचा आधार असतो. तुम्ही तो काढून घेतलात आणि त्याच्या जागी स्वतःचे हात लावलेत." मॅडमचा आवाज मऊ झाला. "तलावात मी मुलांच्या पोटाखाली हात धरायची. तो हात कधी काढायचा ते कळलं नाही, तर मूल पोहत नाही, आपणच पोहतो. ते बिचारं पोहल्यासारखं दिसतं, एवढंच."

सुनेला वाईट वाटलं. ती हळूच म्हणाली, "पण त्या पडल्या तर? माझं प्रेम आहे हो त्यांच्यावर."

"ते दिसतंय. म्हणून तर रागावत नाहीये."

सासूबाई अजून गाडीवरच आडव्या होत्या. छताकडे बघत त्या बोलायला लागल्या. ती दुपार, ती बेल, जिन्यावरून उतरत गेलेली मैत्रिणीची पावलं आणि फोनवरची ती थाप, सगळं सांगून टाकलं त्यांनी. "तुम्ही दोघं माझं इतकं करता, की मला उठता येत नाही हे तुम्हाला कळलंच नाही. आणि मला सांगायची लाज वाटली."

सुनेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आपण रोज प्रेमाने हात पुढे केला आणि रोज थोडं थोडं यांचं उठणं काढून घेतलं! घरातही आपण हलकी स्प्रिंगच लावून बसलो होतो!

तिने डोळे पुसले, वाकून एक लाल स्प्रिंग अडकवली आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधले. सासूबाईंनी रेटलं. या वेळी गाडी पळाली नाही, पायांना धरून सावकाश गेली आणि सावकाश आली. मॅडम म्हणाल्या, "ही उठण्याचीच हालचाल आहे, आजी, फक्त आडवी केलेली." सासूबाई हसल्या आणि पुन्हा रेटायला लागल्या. आता त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब दिसत होते. सुनेला ते बघून किती आनंद झाला म्हणून सांगू!

घरी खरी पंचाईत मुलाची झाली. आई उठायला लागली की त्याचे हात आपोआप पुढे यायचे. शेवटी बायकोच्या सांगण्यावरून तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायला लागला. आई कण्हत, थांबत, पुन्हा जोर लावत उठायची, आणि हा तिच्याहून जास्त दमायचा. पण हळूहळू ती उठायला लागली. आपला चहा आपण करायला लागली. साखर जास्त घालायची, आणि तिला कुणी टोकत नसे.

परीक्षेच्या दिवशी सासूबाई व्यायाम संपवून गाडीच्या कडेला बसल्या, पाय जमिनीला लावले आणि कुणाचाही हात न धरता उभ्या राहिल्या. सून एक पाऊल मागे उभी होती. हात पाठीशी, एकमेकांत घट्ट अडकवलेले. मॅडम सारा वेळ त्या हातांकडेच बघत होत्या. "झालात तुम्ही प्रशिक्षक," त्या म्हणाल्या.

त्यानंतरच्या एका सुट्टीच्या दुपारी तिघं चहा घेत बसले होते. बेल वाजली. बाहेरून ओळखीची हाक आली. सवयीने मुलगा उठला, सूनही उठली.

"बसा तुम्ही," सासूबाई म्हणाल्या. "मी उघडते."

दोघं निमूट बसले. वाचकहो, आपल्या माणसावरचं प्रेम कधी हात देण्यात असतं, तर कधी हात आवरण्यात. त्यांना जमणारं काम त्यांच्या हातून काढून घेऊ नका. उठायला वेळ लागला तर लागू द्या, आपण थांबू.

सासूबाईंनी सोफ्याला हात टेकला, पाय रोवले आणि उठल्या. बेल पुन्हा वाजली तशा त्या खणखणीत आवाजात ओरडल्या, "थांब गं, येतेय! जागी आहे मी."