ज्याचा राग आला त्याच्याशी गिरकी

मार्चच्या पहिल्या मंगळवारी अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या त्या डोंगरगावाने भर गावसभेत आपली शाळा बंद करायचं ठरवलं. बंद करण्याच्या बाजूने एकसष्ट, विरोधात अठ्ठावन्न. आणि त्याच संध्याकाळी, त्याच सभागृहात, डेल्फीन गार्सोला गावाला नाचवायचं होतं.

सभेच्या दिवशी काँट्रा नाच हा तिथला जुना रिवाज. दोन ओळी समोरासमोर उभ्या राहतात, व्हायोलिनसारखी फिडल आणि पियानो सुरू होतो, आणि मंचावरून एक जण पुढची चाल पुकारत जातो. प्रत्येक फेरीला जोड्या पुढे सरकतात, त्यामुळे नाच संपेपर्यंत जवळजवळ प्रत्येक जण प्रत्येकाच्या समोर येऊन जातो. डेल्फीन अठरा वर्षं पुकारत होती. चाली कुणीही पुकारील. लोक यायचे ते तिच्या फिरक्या ऐकायला.

आज मात्र तिला एकही फिरकी सुचत नव्हती. मतं चिठ्ठ्यांवर पडली होती; सभेत जे बोलले त्यांचं उघड होतं, बाकी कुणी काय लिहिलं ते कुणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं की डेल्फीन शाळेच्या बाजूने असणार. शाळेत बावीस वर्षं शिकवणारी मर्लीन स्टॉडर्ड ही तिची बालपणापासूनची मैत्रीण. डेल्फीनने चिठ्ठीवर लिहिलं होतं : बंद करा.

सात वाजता माणसं आली. दाराशी चिखलाचे बूट काढले, पिशवीतले स्वच्छ बूट चढवले. जिंकलेले खिडक्यांकडे उभे राहिले, हरलेले स्वयंपाकघराकडे. एक नाच मांडायचा तर दोन झाले, प्रत्येक पक्षाचा वेगळा. मर्लीन अंगात कोट तसाच ठेवून बाकावर बसली होती.

डेल्फीनने पहिला नाच पुकारला. एक पाऊल चुकलं नाही, एक चेहरा हसला नाही. दुसराही तसाच. ती पाणी प्यायली, माईक वर केला, पुन्हा खाली केला, चाली लिहिलेली कार्डं उगाचच पिसली. नजर सारखी बाकाकडे जायची आणि चटका बसल्यासारखी परत यायची.

फिडलवाला हॉलिस तिच्याकडे झुकला. "डेल्फीन, नाच पुकारतेयस की मयत?"

"मग काय करू?"

"मला काय विचारतेस? मी फक्त वाजवतो."

ती माईकपाशी गेली. "दोन्ही नाच मोडा. सगळे मिळून एकच नाच मांडा."

कुजबुज झाली. मेपलच्या रसाचा धंदा करणारे ऐंशी वर्षांचे ऑरिन टटल मोठ्याने म्हणाले, "सकाळी एक झालो नाही, आता कुठले होतोय?"

"सकाळी वाजंत्री नव्हती, ऑरिन. नुसते तुम्हीच वाजत होतात!"

कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. ऑरिनबुवांचे कान लाल झाले, पण ते सरकले, आणि त्यांच्यामागून बाकीचेही. हॉलिसने सूर धरला. पुढे चार पावलं, मागे चार, पाठीला पाठ लावून फिरा. माणसं एकमेकांच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत फिरत होती. डेल्फीनला ते बघवेना. पुढची चाल कार्डावर लिहिलेली होती, पण तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"आता गिरकी! जोडीदाराशी नाही, शेजाऱ्याशी नाही. आज सकाळी ज्याचा सगळ्यात जास्त राग आला, त्याच्याशी!"

हॉलिसचा गज घसरला. सगळी रांग जागच्या जागी थिजली. घातला घोळ, डेल्फीनच्या मनात आलं.

तेवढ्यात ऑरिनबुवा तरातरा रांग ओलांडून गेले आणि त्यांनी सभेचे अध्यक्ष वेंडेल पाइक यांचा हात पकडला. "तीनदा खाली बसवलंस ना मला? आता फीर!"

वेंडेल फिरले. त्यांच्यामागे आपल्या पाळीसाठी एक बाई येऊन उभी राहिली, मग तिसरा, मग आणखी चार जण. गरगरता गरगरता वेंडेल ओरडले, "एकेकाने! आधी हात वर करा!"

हशा फुटला. खिडकीकडचे स्वयंपाकघराकडच्यांना शोधू लागले, "तू इकडे ये", "आधी मी" अशी ओढाओढ सुरू झाली. आणि त्या गोंधळातून कोट बाकावर टाकून मर्लीन सरळ मंचापाशी आली.

"उतर खाली."

"अगं, पुकारणार कोण?"

"बघ तरी, कोण ऐकतंय तुझं? उतर."

डेल्फीन उतरली. मर्लीनने तिला धरलं आणि गिरकी सुरू केली. गिरकीत समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागतं, नाहीतर भोवळ येते.

"तू बंद करा म्हणून लिहिलंस," मर्लीन म्हणाली.

"हो. कुणी सांगितलं?"

"तूच. गेल्या आठवड्यात जेवताना शाळेचा विषय काढला, तर तू मला लोणचं वाढत सुटलीस. मी लोणचं खाते का?"

"चौदा पोरं उरलीत, मर्लीन. माझ्या भाचीची मुलगी अख्ख्या इयत्तेत एकटी. तिने भांडायचं तरी कुणाशी?"

"हे मला तोंडावर सांगायचं होतंस. चावले असते का मी?"

"चावली असतीस."

मर्लीनचा ओठ जरासा हलला. मग तिने वेग वाढवला. "राग गेलेला नाही माझा."

"माहीत आहे."

"इतक्यात जाणारही नाही." आणि तिने हात सोडून पुढच्या माणसाचा धरला.

डेल्फीन धापा टाकत वर चढली. नाच कुठवर आलाय याचा पत्ताच नव्हता. अर्धी रांग एक करत होती, अर्धी दुसरंच. "जिथे असाल तिथे थांबा," ती म्हणाली, "आणि जो हाताला लागेल तो तुमचा." मग तिने पुकारायला घेतलं, कार्डाकडे न बघता. लोक हसत होते, चुकत होते, कुणी कुणाला ढुशा देत होतं. मर्लीनही नाचत होती, मंचाकडे मात्र एकदाही न बघता.

शेवटच्या नाचाआधी मर्लीन दाराशी बूट चढवू लागली, तशी डेल्फीन धावत गेली.

"निघालीस?"

"शनिवारी शाळेच्या माळ्यावरची पुस्तकं उतरवायचीत. माणसं लागतील."

"मी येऊ?"

"सगळ्यांनाच सांगतेय मी," मर्लीन म्हणाली आणि बाहेर चिखलात उतरली.

आत लोक पाय आपटून डेल्फीनच्या नावाने ओरडत होते, हॉलिस तारा लावत होता. ती वळली, पण त्या 'सगळ्यांनाच'मध्ये आपण बसतो की नाही, हे काही केल्या तिला कळेना.