रजिस्टर झालं

१९७९ साली कुपवाडच्या एका वर्कशॉपात हळद पॉलिश करायचा ड्रम चालवायला मी प्रोग्रॅम लिहीत होते. डिप्लोमावाली पोरगी म्हणून मालक लालासाहेबांनी मला घेतलं. आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीतनं हवालदार होऊन आलेले. स्थळ जमलं की नोकरी बंद, हा त्यांचा हुकूम. मला तर ते काम सोडायचंच नव्हतं.

ड्रमचा वेग ज्या रजिस्टरमध्ये लिहायचा, ते कंट्रोल बोर्ड बनवणाऱ्या पुणेकरांनी सोवळ्यात ठेवलेलं. रजिस्टर म्हणजे वही नव्हे हो, चिपमधला एका आकड्यापुरता कप्पा. आपल्या प्रोग्रॅमनं त्याला शिवायचं नाही. रॉममध्ये त्यांचा प्रोग्रॅम कायमचा बसवलेला, त्याला विचारायचं. तो परवानगी तपासणार, मग तोच लिहिणार. आणि दरवेळी नाहीच म्हणणार. मुडदा बशिवला त्या सोवळ्याचा.

मी रॉममधला एकेक हुकूम वाचून काढला. तपासणी वर होती, लिहिणं खाली. मग माझ्या प्रोग्रॅमला तपासणी ओलांडून थेट खालच्या हुकमावर उडी मारायला लावली. रॉमला वाटलं, तपासून झालंय. त्यानं गुमान लिहिलं. ड्रम असा फिरला की लालासाहेबांची टोपी पिवळी झाली.

आनंदाच्या भरात त्या पुणेकरांनाच ट्रंककॉल लावला. लाइन इतकी खरखरत होती, की मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "रजिस्टर झालं! परवानगी मिळतच नव्हती, मग मागच्या दारानं केलं!"

दारात डबा घेऊन मालकीणबाई उभ्या, बनुबाई. आमच्याकडं रजिस्टर झालं म्हणजे एकच, पोरीनं पळून जाऊन लग्न लावलं. त्यात बनुबाईंचा भाऊ आमच्या गावच्या एस्टीवर कंडक्टर. त्यानं तिकिटांबरोबर बातमीही फाडली.

दुसऱ्या दिवशी आबा हजर. मी खरं सांगायला तोंड उघडणार, तोच म्हणाले, "झालं आसंल तर सांग, आल्या पावली जातो. न्हाई तर चल. रविवारी तासगावचं पाव्हणं येत्यात तुला बघायला. त्यास्नी सुनेची नोकरी चालत न्हाई."

म्हणजे खरं बोलावं तर काम सुटणार, खोटं बोलावं तर आबा. आबांवर माझा लय जीव. पण तोंडातनं निघून गेलं, "झालंय."

आबा बाकड्यावर बसले. कुठं असतो, विचारलं. हितंच, कुपवाडात. काय करतो? हळद पॉलिश करतो. पितो का? न्हाई. त्या एका शब्दानंतर मी काहीच खोटं बोलले नाही.

आता थोबाडीत बसणार म्हणून मी डोळे मिटले. आबांनी पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं.

"पीत न्हाई तर बरं हाय. दिवाळीला घिऊन ये. आई बोलंल चार शब्द, आयकून घे."

एवढं बोलून एस्टी गाठायला निघून गेले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर निभावलं असतं. मी तिथंच फतकल मारून हुंदके देत रडले, आणि शेजारी तो मुडद्या ड्रम गरागरा फिरत होता.