उंबऱ्याआतली बाळंतीण

केळीचे घड भरायला माणसं आली होती, त्यामुळे सिंधुबाई सकाळपासून चुलीपुढून हलल्या नव्हत्या. अर्धापूरजवळच्या त्या गावात त्यांच्या घराला कशाची ददात नव्हती. दारात जीप, मळ्याला बारमाही पाणी, आणि नवरा दगडोबा म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. फक्त बायकांना मत विचारायची पद्धत त्या घरात नव्हती.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही जगाची रीत. दगडोबांच्या घराण्याची तऱ्हाच न्यारी. वारस आपल्याच मातीत जन्मला पाहिजे. बाळामागून पडणारी वार परसातच पुरली पाहिजे. आणि ती पुरली जात नाही तोवर बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही. या रितीपायी काय काय गेलं, ते सिंधुबाईंना ठाऊक होतं. पण तोंड उघडायची सोय नव्हती.

आता सून साक्षीचे दिवस भरत आले होते. मुलगा रामलिंग शाळेत मास्तर. पोरांना विज्ञान शिकवायचा आणि घरात बापापुढं मान खाली घालायचा. त्यानं आपला मधला मार्ग काढला आणि नांदेडहून प्रसूतीचं रीतसर शिक्षण घेतलेल्या बुद्धप्रिया सिस्टरना बोलावून आणलं.

"बाई, सुईण परसदारानं येती आमच्यात," दगडोबा ओसरीवरून गुरकावले.

"मी पुढच्याच दारानं येत असते," म्हणत सिस्टर आत आल्या आणि साक्षीशेजारी टेकल्या. दगडोबा मागोमाग येऊन चौकटीत उभे राहिले.

"घरी होतं का हो बाळंतपण?" साक्षीनं हळूच विचारलं.

"होतं की. बाईची तब्येत चांगली असंल, दवाखाना जवळ असंल, सोबत जाणतं माणूस असंल, तर होतं. पण आधी मला सांग, पाय कधीपासून सुजून राहिले?"

"लई दिवस झाले."

"डोकं दुखतंय?"

"तिचं डोकं रोजच दुखतंय. कामाचा कंटाळा, दुसरं काय!" उत्तर सासऱ्यांनी दिलं.

"मी तिला विचारून राहिले, काका."

साक्षीनं होय म्हणून मान हलवली. सिस्टरनी दंडाला पट्टा बांधून बीपी पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं. "बीपी वाढलंय. हिचं घरी जमणार न्हाई. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

"तुमचं यंत्र घाला पिशवीत. आमच्या चार पिढ्या ह्याच खोलीत जल्मल्या. अन् दारात जीप हाय. अडलंच तर नेऊ."

"अडलं, हे ठरवणार कोण?"

"मी. दुसरं कोण?"

चुलीपुढं सिंधुबाईंचा हात थांबला. तव्यावर भाकरी करपत होती.

"या घरात बाळंतपणात कुणी दगावलंय?" सिस्टरनी विचारलं.

"न्हाई," दगडोबा म्हणाले. पापणीसुद्धा लवली नाही.

सिंधुबाई पिठाच्या हातानंच उठून आल्या. "देवाला तरी भिऊन बोला. माझी जाऊ शिल्पा ह्याच खोलीत गेली."

"सिंधे! परक्या बाईपुढं घराची इज्जत काढतीस?"

"काढते! पोरगं झालं, पण वार पडंना. रगत थांबंना. जीप दारात चालू करून ठेवलेली. तुमी म्हनले, वार पडंस्तोवर उंबरा ओलांडायचा न्हाई. ती माझा हात धरून म्हनत व्हती, अक्का, मला न्या. मी तुमच्या पाया पडले. तुमी जीप बंद केली, डिझेल जळून राहिलं म्हनून."

शिल्पाकाकूला जुनं दुखणं होतं, असंच भिंतीशी उभ्या रामलिंगला लहानपणापासून सांगितलेलं होतं. तो बापाकडं बघतच राहिला. दगडोबांनी नजर फिरवली.

"रामलिंग, जीप काढ," सिंधुबाई म्हणाल्या. "आज बापाचं ऐकलंस तर मला माय म्हनू नको."

रामलिंगनं खुंटीवरची किल्ली काढली. तशी दगडोबांनी पुढच्या दारात हात आडवा घातला. "अन् माझ्या नातवाची वार? परक्या मातीत टाकनार?"

"वार डब्यात घालून आनता येती," सिंधुबाई म्हणाल्या. "शिल्पा आनता आली न्हाई."

तो हात त्यांनी स्वतः बाजूला केला, साक्षीला धरलं आणि उंबरा ओलांडला. दगडोबांच्या सदऱ्याच्या बाहीवर पिठाची बोटं उमटली.

साक्षीला नांदेडच्या दवाखान्यात मुलगी झाली. तिथंही जीव टांगणीला लागलाच, पण मायलेकी सुखरूप घरी आल्या. वार मात्र सिंधुबाईंनी आणलीच नाही.

बायकोनं घराण्याची रीत बुडवली, असं दगडोबा आजही गावभर सांगत फिरतात. बुडवलीच, आणि बरं झालं! पण अशी घरं अजून थोडीथोडकी नाहीत. दारात जीप उभी असते, आत बाई तळमळत असते, आणि तिला कधी न्यायचं हे ठरवणारा ओसरीवर निवांत सुपारी कातरत असतो. वाचकहो, तुमच्या घरात हे कोण ठरवतं?