दुसरा ब्रेक

सरांनी करकचून ब्रेक मारला तेव्हा ते गाडीत नव्हते, जेवायला बसले होते. टेबल सरकलं, पेला कलंडला आणि पाणी सरळ बायकोच्या ताटाकडे निघालं. तिने शांतपणे ताट उचललं.

"आता कोण आडवं आलं?"

"कोणी नाही. बाहेर हॉर्न वाजला."

"बरं झालं थांबलात. भिंतीतच घुसलो असतो."

सर मोटार चालवायला शिकवत. त्यांच्या गाडीत एक ब्रेक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसलेल्या सरांच्या पायाशी. त्या दुसऱ्या ब्रेकवर त्यांचं घर चालत होतं, आणि इतकी वर्षं तो त्यांनी अगदी गरजेलाच वापरला होता. मग मोठ्या चौकात दुधाचा एक टेम्पो वळणावर आवरला नाही आणि सरांच्या बाजूच्या दारावर येऊन आदळला. सरांचा गुडघा सुजला, रस्ताभर दूध वाहिलं आणि आसपासच्या मांजरांची चंगळ झाली. गुडघा बरा झाला, दार नवं बसलं. सरांच्या उजव्या पायाने मात्र आपला वेगळा कारभार थाटला. कुठे खुट्ट झालं की छातीत धडधड, तळहातांना घाम, पोटरी ताठ आणि पाय खाली. झोपेतसुद्धा. बायकोने अंथरुणातली बाजू बदलून पाहिली, तर सर डाव्या पायाने क्लच दाबू लागले.

घरातलं निभावलं असतं, पण धंद्याचं काय? रस्त्यावर गाडी सारखी थांबे आणि शिकणारे गोंधळून विचारत, "सर, हे तुमचं की माझं?" पुढे पुढे विचारेनासे झाले. संकट आलं की गाडी आपली आपण थांबते, असा त्यांचा समज झाला. त्यातला एक जण परीक्षेच्या दिवशी मोठ्या विश्वासाने परीक्षकांच्या खुर्चीपर्यंत गेला. परीक्षक चपळ होते म्हणून बरं. ड्रायव्हिंग स्कूल सरांच्या थोरल्या बहिणीचं होतं, आणि ताईपुढे त्यांचं काही चालत नसे.

"ही बॅच संपेपर्यंत पाय आवर," ती म्हणाली. "नाहीतर तू ऑफिसात फोन घ्यायला बस. गाडीवर मी दुसरा माणूस ठेवते."

गाडी शिकवण्याखेरीज त्यांना काही येत नव्हतं, आणि काही यावं असं कधी वाटलंही नव्हतं.

बायको त्यांना मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

"माझं मन ठणठणीत आहे," सर म्हणाले. "पाय बिघडलाय."

"मग पायाशीच बोलू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "टेम्पो निघून गेला हे तुम्हाला कळलंय. अंगाला अजून कळलेलं नाही. आपण ते त्याला सावकाश सांगू."

सावकाश म्हणजे रोज भरभर चालायचं, वेळेवर झोपायचं, टाचा जमिनीवर घट्ट टेकवायच्या. धडधड सुरू झाली की ओठ मिटून 'म्म्म' असा आवाज करत लांब श्वास सोडायचा. आणि त्या चौकाच्या दरवेळी थोडं अधिक जवळ जायचं. सरांनी मन लावून सगळं केलं. बायकोच्या नडग्यांवरचे काळेनिळे डाग फिके पडू लागले. गाडीत मात्र ते अगदी हळू गुणगुणत. शिकवणाराच घाबरलाय हे कळलं तर शिकायला कोण येणार?

अशात एके सकाळी चष्मेवाल्या बाई दारात उभ्या राहिल्या. बाजारात त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि टेम्पोच्या दिवशी स्टिअरिंगवर त्याच होत्या. त्यानंतर त्या फिरकल्या नव्हत्या.

"मला पुन्हा पहिल्यापासून शिकवा," त्या म्हणाल्या.

सरांना वाटलं, आता विचारतील, ब्रेक वेळेवर का नाही मारलात? हा प्रश्न ते स्वतःला रोज विचारत होते आणि त्याने ते पार खचले होते. बाईंनी काहीच विचारलं नाही. फक्त त्या आल्यापासून गाडीत एक बारीक घरघर ऐकू येऊ लागली. सरांनी गाडी गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीने बॉनेट उघडून कान लावला.

"इंजिन झकास आहे."

"या मॅडम चालवतात तेव्हाच आवाज येतो."

"मग मॅडम बदला," मिस्त्री म्हणाला.

बॅचच्या शेवटच्या दिवशी सर म्हणाले, "आज चौक." बाईंनी मान हलवली. चौकात सिग्नल लाल होता. गाडी थांबली, तोच मागून हॉर्न वाजला, बाईंचा पाय क्लचवरून सटकला आणि इंजिन बंद पडलं. घरघर चालूच राहिली.

सरांनी स्वतःचा श्वास रोखला. तरीही ती चालूच होती. त्यांनी शेजारी पाहिलं. बाई ओठ मिटून, सिग्नलवर नजर लावून 'म्म्म' करत होत्या.

"मी मंगळवारी जातो डॉक्टरबाईंकडे," सर म्हणाले.

बाई दचकल्या, मग ओशाळून हसल्या. "मी गुरुवारी."

"त्या दिवशी माझा पाय उशिरा पडला," सर अखेर म्हणाले. "माफ करा मला."

"कशावर पडायचा? गाडी उभीच होती की." बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "हिरवा लागला आणि माझ्या हातून इंजिन बंद पडलं, आत्ता पडलं तसंच. मला ते सुरूच करता येईना. मी वेळेवर निघाले असते तर आपण तिथे नसतोच."

सरांना आठवलं. गाडी खरोखरच उभी होती. इतके दिवस ते एका उभ्या गाडीला ब्रेक लावत होते.

"इंजिन सगळ्यांचं बंद पडतं, मॅडम," ते म्हणाले. शिकवताना नेहमी म्हणत, अगदी त्याच आवाजात. "चावी फिरवा. क्लच."

सिग्नल हिरवा झाला. गाडी निघाली आणि एक सायकलवाला कुठूनसा आडवा घुसला. गाडी जागच्या जागी थांबली.

"सर," बाईंनी विचारलं, "हे तुमचं की माझं?"

सरांनी खाली पाहिलं. त्यांच्या दोन्ही टाचा जमिनीवर टेकलेल्या होत्या.

"तुमचं," ते म्हणाले, आणि पुढचं त्यांना नीट दिसेना.

बाईंनी पर्समधून चष्मा पुसायचं फडकं काढून पुढे केलं. सरांना चष्मा नव्हता. तरी त्यांनी ते घेतलं.