गालिच्याच्या काठाशी

"मैने, दार उघड गं, हात भरलेत!"

वडिलांची ही हाक लेकीच्या कानात अजून आहे. ते जिन्यात असतानाच हाक यायची आणि आई हातातलं टाकून धावायची. पुढे आईच्या कानांनी दगा दिला, वडील गेले, आणि हाक एकट्या लेकीपाशी उरली.

लेक कानयंत्रं दुरुस्त करते. साऱ्या शहराचे कान तिच्या टेबलावर उघडे पडलेले असतात. आईचं यंत्र मात्र जन्माचं खोडकर. जेवताना शिट्टी मारायचं, एकदा तर उशीच्या अभ्र्याबरोबर वॉशिंग मशिनमध्ये पोहून आलं.

"काय म्हणालीस?" आई विचारायची.

"काही नाही, जाऊ दे," लेक म्हणायची.

आज लेक मौनीबाबांच्या सभागृहात दाराशी उभी होती. निळ्या गालिच्यावर शंभरेक पांढरी डोकी दाटीवाटीने बसलेली, त्यांत आईचंही. समोर बाबा, ओठ घट्ट मिटलेले. तरीही म्हातारी माणसं माना डोलवत होती, डोळे पुसत होती. सोबत आलेल्या धडधाकट कानांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं, आणि हाच तर चमत्कार!

"कानांना ऐकू येतो तो गोंगाट," शिष्य दाराशी सांगत होता, "बहिऱ्यांना ऐकू येतो तो अंतर्नाद! आजी, वहीत नाव आणि दुखणं लिहा, यंत्राची कळ फोनच्या खुणेवर सरकवा. संसाराचा कलकलाट बंद!"

त्या कळीच्या नावाने लेकीचे कान टवकारले.

याच नादाने आठ दिवसांपूर्वी आईला सांगितलं होतं, "तुझा धनी माझ्यापाशी आहे. तो म्हणतोय, 'देवी, गोळ्या सोड, हृदय बाबांवर सोपव.'" आईने सोडल्या. लेक रोज गुडघ्याला गुडघा लावून तासतासभर भांडली, आई ढिम्म. आता तिचे सुजलेले पाय चपलेत मावत नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, "आणखी आठवडा असाच गेला, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

लेकीने पिशवीतलं जादा यंत्र स्वतःच्या कानात घातलं, कळ सरकवली आणि आईशेजारी बसली. आवाज आला. घोगरा, थेट डोक्यात.

"बाळांनो, औषध म्हणजे शंका..."

आणि मध्येच नाद शिंकला. बाबांचं नाक जागचं हललं नाही.

लेक उठून गालिच्याबाहेर गेली. आवाज गायब. आत आली, आवाज हजर. पुन्हा बाहेर, पुन्हा आत.

"ओ ताई, लंगडी खेळताय का?" शिष्य धावला.

"तुमचा नाद गालिच्याच्या काठाशी का अडतो, ते बघतेय."

तिने काठ उचलला. खालून कडेकडेने एक तार फिरली होती आणि पडद्याआड शिरत होती. पडदा ओढला. आत लाल नाकाचा, मफलर गुंडाळलेला माणूस, हातात माइक, मांडीवर दारातली वही. तिने तार उपसली. शंभर माना एकदम वर झाल्या.

कळ फोनच्या खुणेवर असेपर्यंत तिचं बोलणं त्यांना ऐकू येणारच नव्हतं. स्वतःच्या कानाशी बोट नेऊन तिने खूण केली, कळ मागे घ्या. मग सावकाश बोलली.

"यंत्रात बारीक वेटोळं असतं, फोनवरचं बोलणं उचलायला. या तारेत माइकचा आवाज सोडला की तिच्याभोवती चुंबकीय लहर उठते. वेटोळं ती पकडतं. तारेच्या आत बसलात तर ऐकू येतं, बाहेर गेलात की नाही. चांगल्या नाट्यगृहात अशीच तार तुमच्या सोयीसाठी घालतात. इथे तुम्हाला फसवायला घातली. चमत्कार दिसला की आधी गालिचा उचला. आणि गोळी सोडायची का, ते तुमची छाती तपासणाऱ्याला विचारा."

तिने फोन काढला तसं बाबांचं मौन सुटलं. "पोलिसांना बोलावू नका!" ते सगळ्यांना ऐकू गेलं.

घरी आईने मुकाट गोळी घेतली. पाण्याचा पेला हातातच होता.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "तुझे वडील मला कधी देवी म्हणाले नाहीत, मैनाच म्हणायचे."

"मग गोळ्या का सोडल्यास, आई?"

आईने पेला खाली ठेवला.

"सोडल्या, तेव्हा तू समोर बसून भांडायला लागलीस. एकदाही 'जाऊ दे' म्हणाली नाहीस."