सहा नावांची चादर

मी एक जुनी चादर आहे. डबलबेडची, पांढरी, सुती. थांबा मित्रांनो, लगेच जांभया नका देऊ! माझ्यावर सहा माणसांची नावं आहेत, त्या सहाच्या सहा जणांच्या नोकऱ्या गेल्यात, आणि सातव्याचं नाव शिवायला मागच्या शुक्रवारी सुई माझ्या अंगाला टोचली होती. तेच तर सांगायचंय मला, पण ते नीट कळायला आधीचं थोडं ऐकावं लागेल, तर ऐका.

माझा जन्म इथलाच, हॅल्डवर्थ गावचा. कालव्याकाठच्या गिरणीत मी विणले गेले. आता ती गिरणी नाही, तिथं गाड्यांचे टायर विकतात. मॉरीन आणि फ्रँकच्या लग्नात मी आहेर म्हणून आले, सोबत दोन उशांचे अभ्रे, आम्ही तिघं एकाच कापडाचे. तीस वर्षं मी त्यांच्या पलंगावर होते. आणि तीस वर्षं दर शनिवारी दुपारी ती दोघं मला नीट अंथरून, हिरवे मफलर गळ्यात घालून निघून जायची आणि संध्याकाळी तोंडं पाडून परत यायची. हॅल्डवर्थ टाऊन, म्हणजे गावचा फुटबॉल संघ, हरलेली असायची. मला वाटायचं, एवढं रडू येतं तर जातात कशाला ही माणसं? मित्रांनो, तेव्हा मी मैदान बघितलं नव्हतं ना!

मग अकरा वर्षांपूर्वी एका गुरुवारी डेस आला. डेस म्हणजे मॉरीनच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा. घराशेजारचा नव्हे, मैदानातला शेजारी, रेल्वेकडच्या स्टँडमध्ये, नववी ओळ. तो बस डेपोत रंगारी होता. गावातल्या सगळ्या बसवरचे आकडे त्याच्या हातचे. तो दारातूनच म्हणाला, "मॉरीन, एखादी मोठी चादर दे. जुनी चालेल. त्या मॅनेजरला, मॅक्रिडीला घालवायचंय."

आणि मॉरीननं मला काढलं! स्वयंपाकघरातल्या फरशीवर मला पसरलं, डेस गुडघ्यांवर बसला आणि बसच्या हिरव्या रंगानं माझ्यावर लिहिलं, 'मॅक्रिडी, चालता हो!' काय अक्षर होतं सांगू, फूटपट्टी न लावता सरळ रेघ. शनिवारी मला पुढच्या कठड्याला बांधलं. वारा, आरडाओरडा, गरम मटण पॅटिसचा वास, चार हजार माणसं आणि सगळी माझ्याकडे बघतायत! पेपरात माझा फोटो आला. सोमवारी मॅक्रिडी गेला.

आणि मला वाटलं, मी घालवलं. मी! एक चादर!

पुढच्या वर्षी टॉमलिन आला आणि तोही हरायला लागला. रंग तर निघत नाही, मग मॉरीननं माझ्या भावंडाला, म्हणजे एका अभ्र्याला कापलं, डेसनं त्यावर 'टॉमलिन' रंगवलं आणि ते ठिगळ मॅक्रिडीच्या नावावर शिवलं. 'चालता हो' तेच राहिलं, फक्त माणूस बदलला. टॉमलिन गेला, लिंडरहोम आला, लिंडरहोमवरही पाळी आली, तेव्हा मॉरीननं शहाण्या बाईसारखं टॉमलिनचं ठिगळ उसवलं. आणि त्याच शनिवारी समोर संघ कोणाचा? टॉमलिनचा! त्याला दुसरीकडे नोकरी लागली होती. चार गोल घातले त्यांनी आम्हाला, चार, आणि आमचा शून्य. संध्याकाळी डेस पांढराफटक पडून म्हणाला, "तू त्याला उसवलंस म्हणून तो परत आला. शीव आधी त्याला!"

हसू नका. तेव्हापासून सगळ्या स्टँडचा नियम झाला, नाव उसवायचं नाही. एकावर एक शिवायचं. टॉमलिनवर लिंडरहोम, लिंडरहोमवर हॉलरॉयड, मग पेस्ताना, मग ग्रिम्शॉ. दुसरा अभ्रा संपला, मग भांडी पुसायचं फडकं, मग फ्रँकचा निळा शर्ट, मग पडदा. शर्ट कापला तेव्हा फ्रँक नुकताच वारला होता. मला दरवेळी कठड्यावर टांगायचे, लोक टाळ्या पिटायचे, शिट्ट्या मारायचे, आणि काम झालं की घडी घालून धुण्याच्या मशीनमागच्या कपाटात, पुढचा मॅनेजर नकोसा होईपर्यंत. तिथं ओल असते मित्रांनो. कडेला काळे ठिपके पडलेत मला. चांगल्या दिवसात माझी आठवण कोणाला यायची? चांगले दिवस टिकायचेच कुठं म्हणा!

आता सातवा. पेन्री. वेल्समधून आलाय, अडतिसाचा आहे, केस विंचरत नाही. आल्या आल्या त्यानं आमचा कप्तान विकला. आमचा लाडका मोठ्या डोक्याचा कप्तान, नऊ वर्षं खेळलेला! अकरा जुने खेळाडू घालवले आणि एकोणीस-वीस वर्षांची पोरं आणली. लांब चेंडू मारायचा नाही, गोलकीपरपासून पायापायानं खेळत यायचं, असं शिकवलं. पोरं चेंडू देतात, चुकतात, गोल खातात. चोवीस संघांत आम्ही बाविसावे. क्लबच्या सभेत मॉरीन मला पिशवीत घेऊनच गेली होती, म्हणून मी स्वतः ऐकलं. पेन्री म्हणाला, "पाडून नव्यानं बांधतोय सगळं. मला तीन वर्षं द्या."

तेव्हा डेस उठला. आता डेस एकाहत्तरचा आहे. म्हणाला, "तीन वर्षं? तुला काय, तू तरुण आहेस बाबा."

लोक हसले. मॉरीन नाही हसली. कारण त्याच दिवशी सकाळी ती डेसबरोबर इस्पितळात होती, तिथूनच सभेला जायचं म्हणून मी पिशवीत, पिशवी तिच्या मांडीवर. डेपोतल्या रंगाच्या फवाऱ्यानं डेसची छाती चाळीस वर्षांत आतून वाळत गेलीय. डॉक्टरीणबाई हळू बोलली, पण मी कापड आहे, मी सगळं शोषून घेते. ती म्हणाली, "पुढचा हिवाळा पार पडला तर चांगलंच."

सभेहून परतताना बसमध्ये डेस खिडकीबाहेर बघत होता.  मग म्हणाला, "मला एकदा वर गेलेली टाऊन बघायचीय, मॉरीन. एकदाच. वरच्या गटात. ह्या पोरखेळात माझं एक वर्ष जायला नको. तू शिवशील ना?"

 मॉरीननं त्याच्या मफलरचं टोक सारखं केलं.

बघा आता, केवढा पेच! मॉरीनला पेन्री आवडायला लागला होता. ती मला इस्त्री करताना स्वतःशीच बोलते, त्यामुळे मला माहीत. पोरं हरतात पण बघायला मजा येते, असं तिचं म्हणणं. पण इतकी वर्षं शेजारी बसलेला माणूस मागतोय, आणि त्याच्याकडे वेळ नाही. नाही म्हणायचं कसं? आणि हो म्हटलं तर पेन्री जाणार, आमच्या क्लबच्या मालकाचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक. कठड्यावर मी दिसले की सोमवारी नवा मॅनेजर.

शुक्रवारी दुपारी डेस आला. रंगवलेलं ठिगळ घेऊनच आला. 'पेन्री'. अक्षरं वाकडी होती, मित्रांनो. डेसची अक्षरं, वाकडी! हात थरथरतो त्याचा आता. मॉरीननं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

"बस राजा, चहा ठेवते."

"चहा नंतर. आधी शीव."

तिनं तरी चहाचं पाणी ठेवलंच, मग सुई घेतली, ठिगळ ठेवलं आणि टोचलं. सुई गेली नाही. तिनं बोटात अंगुस्तान चढवलं, जोर लावला, आणि कट्! सुई मोडली. दुसरी घेतली. तीही मोडली. पाच ठिगळांचा थर झालाय माझ्या छातीवर, पुठ्ठ्यासारखा कडक, वर रंग वाळलेला. मला दुखत होतं, पण खरं सांगू का, मी मुद्दाम अंग आवळलं होतं. थोडंसं. चादरीला जेवढं जमतं तेवढं.

"जाडी सुई नाही का तुझ्याकडे?"

"ही गोणपाटाची होती, डेस. आता उसवल्याशिवाय काही व्हायचं नाही."

"उसवायचं नाही! नियम आहे."

"मग तू शीव. ये. घे सुई."

डेस खोकला. खोकून झाल्यावर दमून बसला आणि हातानं नुसती खूण केली, कर काय करायचं ते.

मॉरीननं कात्रीच्या टोकानं टाके तोडायला सुरुवात केली. पहिला ग्रिम्शॉ निघाला. खाली पेस्ताना. त्या पेस्तानाला आम्ही अकरा सामन्यांत घालवला होता.

"हा बरा होता रे," मॉरीन म्हणाली.

"हात कसले हलवायचा बाजूला उभा राहून! वाहतूक पोलीस नुसता."

"पुढच्या वर्षी त्यानं दुसऱ्यांचा संघ वर नेला."

डेस ठिगळाच्या कडेचे दोरे उपटत बसला.

पेस्तानाचं नाव फ्रँकच्या शर्टावर होतं. मॉरीननं ते ठिगळ उलटं करून नाकाशी धरलं आणि मांडीवर ठेवलं. "हे मी परत घेतेय," एवढंच म्हणाली. मग हॉलरॉयड, मग लिंडरहोम. माझ्या छातीवरचं ओझं एकेक उतरत होतं आणि मला थंडी वाजत होती, कारण कितीतरी वर्षांत तिथं हवाच लागली नव्हती! शेवटी टॉमलिन निघाला, आणि खाली, थेट माझ्या अंगावर, हिरव्यागार ताज्या रंगात, सरळ, सुरेख, एकसारख्या अक्षरांत मॅक्रिडी.

डेस पुढे वाकला. त्यानं त्या अक्षरांवर बोट फिरवलं. मला ते बोट आठवत होतं, अकरा वर्षांपूर्वी रंगानं माखलेलं. आता ते हलत होतं.

"छान लिहायचो मी," तो म्हणाला.

"छानच लिहायचास."

"ह्या मॅक्रिडीनंही तीन वर्षं मागितली होती, मॉरीन. आठवतं? त्याच सभागृहात."

"आठवतं."

"तेव्हा माझ्याकडे होती ना गं." आणि मग अगदी हळू, "तेव्हा मी दिली नाहीत."

चहाचं पाणी उकळून उकळून आटलं. कोणी उठलं नाही. मित्रांनो, मी अकरा वर्षं मिरवत होते. मी घालवलं, मी घालवलं! आणि त्या क्षणी मला वाटलं, कोणीतरी मला बादलीत बुडवून पिळून काढावं. सहा माणसं घालवली आम्ही. मिळालं काय? बाविसावा नंबर.

डेसनं 'पेन्री'चं ठिगळ उचललं आणि घडी घालून कोटाच्या खिशात ठेवलं. फेकलं नाही हं! खिशात ठेवलं. 

तरीही शनिवारी मी मैदानावर गेलेच. सवयच ना, पिशवी तीच. बोचरा वारा होता. अर्ध्या वेळेलाच आम्ही दोन गोल खाली, दोन्ही पोरांच्या चुकांमुळे. दुसऱ्या वेळी तर गोलकीपरनं चेंडू चक्क समोरच्याच्या पायात दिला. आणि पलीकडच्या स्टँडवर फडफडत काय उलगडलं? चादर! नवी कोरी, कडेला इलास्टिक असलेली, आणि त्यावर फवाऱ्यानं फासलेलं, 'पेन्री, चालता हो!' लोकांनी ओरडायला सुरुवात केली. मला तिचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. मग तिच्या छातीकडे लक्ष गेलं, ठिगळांना कितीतरी जागा होती तिथं, आणि मला तिची कीव आली.

मागच्या ओळीतला लांबट तोंडाचा बॅरी ओरडला, "ए डेस! आपली कुठंय? काढ की! त्यांचीच दिसतेय टीव्हीवर!"

"काढ, काढ!" बाकीचेही सुरू झाले. "झोपलास का म्हाताऱ्या?"

मॉरीननं पिशवी घट्ट धरली. तिची बोटं मला बाहेरून कळत होती. डेसनं ती बोटं हळूच सोडवली आणि मला बाहेर काढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा जीव टांगणीला लागला. त्यानं मला उलगडलं, एकदा, दोनदा, मग अक्षरं आत करून मला आपल्या गुडघ्यांवर पसरलं आणि उरलेलं टोक मॉरीनच्या मांडीवर टाकलं.

"अरे, काय करतोयस?" बॅरी.

"थंडी वाजतेय मला," डेस म्हणाला. "तू समोर बघ. तो तीन नंबरचा पोरगा बघ, डाव्या पायानं किती गोड चेंडू देतो."

"हरतोय आपण!"

"दिसतंय मला. छाती बिघडलीय, डोळे नाहीत."

शिव्या पडल्या, मित्रांनो. एकानं कागदी पेला फेकला, माझ्यावर चहाचा डाग पडला, अजून आहे. शेवटी शेवटी त्या तीन नंबरच्या पोरानंच एक गोल केला. आम्ही हरलो, दोन-एक. मोठं काही घडलं नाही. आज बुधवार आहे, पेन्रीची नोकरी अजून आहे, उद्याचं कोणालाच माहीत नाही. ती नवी चादर शनिवारी पुन्हा येणार, आणि आमच्या मालकाला चादरी वाचायची सवय आहे.

काल डेस घरी आला होता. पुढच्या हंगामाच्या खुर्च्यांचा फॉर्म मार्चच्या आत भरायचा असतो. हात हलतो म्हणून त्यानं तो मॉरीनकडून भरून घेतला. नववी ओळ, तीच खुर्ची. मॉरीनचं पेन मध्येच थांबलं.

"डेस..."

"लिही गं. खुर्चीला तरी बघू दे."

मित्रांनो, तुमच्याही कपाटात माझ्यासारखी एखादी असेल. तिला उन्हात घाला, ओलीत कोंबू नका. आणि कोणाचं नाव तिच्यावर शिवायला निघालात, तर आधी खालचे टाके उसवून बघा. मी सध्या कपाटात नाही. मॉरीननं मला धुतलं, वाळवलं आणि दाराशी खुर्चीवर ठेवलंय. हवामानाचा अंदाज सांगतोय, शनिवारी पुन्हा थंडी आहे.